पाचवी जर्सी

पडद्यावर एक माणूस मारायचा तर चार शर्ट लागतात. एक चांगला, मरायच्या आधीचा. एक भोक पाडलेला. एक ओल्या रक्ताचा. आणि एक वाळलेल्या रक्ताचा, कारण प्रेत गल्लीत पडलेलं असतानाच उजाडतं आणि उजेडात रक्त लाल राहत नाही, तपकिरी होतं. चारही शर्टांचं कापड एका ताग्यातलं हवं, शिलाई एका हाताची हवी, गळ्याची झीजसुद्धा सारखी हवी. बघणाऱ्याला एकच शर्ट दिसतो. शिवणारीला चार दिसतात.

सियोनी हे एकोणिसाव्या वर्षी शिकली आणि चौपन्नाव्या वर्षापर्यंत तेच करत राहिली. मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीतल्या एका गोदामात सिनेमावाल्यांना कपडे भाड्यानं द्यायचा धंदा होता. तिथं तिला आणलं आलिंग इस्कांगनं; वडीलधाऱ्या बाईला तिकडं आलिंग म्हणतात. इस्कांग म्हणजे लठ्ठ, दम्याची, तोंडानं फटकळ बाई. कुठलाही दिग्दर्शक शर्ट मागायला आला की आधी विचारायची, "बाबा रे, लांबून मारायचाय का जवळून?"

दिग्दर्शक गोंधळायचे. "काय फरक पडतो, आलिंग?"

"तुला नाही पडत. शर्टाला पडतो."

लांबून मारला तर भोक स्वच्छ, पेन्सिल खुपसल्यासारखं. जवळून मारला तर भोकाभोवती काळं कडं आणि कडा करपलेल्या. ते कडं इस्कांग उदबत्तीनं करायची, वर दिव्याची काजळी बोटानं फिरवायची. हे तिला कुणी शिकवलं ते सियोनीनं बरीच वर्षं विचारलं नाही. पुढं कळलं की इस्कांगचा एक भाऊ छापखान्यात होता. मार्शल लॉच्या दुसऱ्या वर्षी त्याचा शर्ट घरी आला. तो आला नाही.

गोदामात मेलेल्यांचे कपडे वेगळ्या मांडणीवर असत, आणि मांडणी खणाखणानं भरत गेली तसा देशाचा काळही कळत गेला. सगळ्यात वर विद्यार्थी: लांब कॉलरचे, अर्ध्या बाह्यांचे पातळ शर्ट, जीपमध्ये कोंबून नेलेल्या पोरांचे. त्याखाली शेतकरी, मोर्चात गोळी लागलेले. त्यातला एक मातकट सदरा अकरा सिनेमांत मेला होता. मग संपातले कामगार. मग पत्रकार, खिशाला पेन लावायच्या शर्टांतले. एक ननचा झगाही होता. आणि अगदी खाली, हाताशी, गेल्या दोन वर्षांत, सरकारनं नशेविरुद्ध मोहीम काढल्यापासून, भरलेला खण: बनियन, हाफ पँटी, बास्केटबॉलच्या जर्सी, रबरी चपला. या खणातले कपडे सगळ्यात स्वस्त होते आणि सगळ्यात जास्त भाड्यानं जात.

परत आलेले कपडे धुवायचं काम सियोनीचं. सिनेमाचं रक्त साखरेच्या पाकाचं, वेळेवर धुतलं नाही तर मुंग्या लागतात. पण कधी कधी लढाईच्या सीनला खाटकाकडचं खरं रक्त आणत. त्याचा नियम वेगळा. गरम पाणी लावायचं नाही, गरम पाण्यानं रक्त कापडात शिजतं. थंड पाणी, मूठभर मीठ आणि उशीर न करणं. "आधी भिजव, मग रड," असं इस्कांग म्हणायची, कारण नवीन पोरी रक्त बघून रडायच्या. सियोनी कधीच रडली नाही. आधी भिजवायची आणि मग रडायचं राहून जायचं.

तिचा नवरा सौदीला गेला तो तिथलाच झाला. पोरगा एकच, जेरविन. खाडीकाठच्या वस्तीत दोन खोल्या, खालच्या खोलीत शिलाई मशीन. जेरविन तीनचाकी चालवायचा. त्याची बायको मायलीन मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात जायची. त्यांची टिनटिन चार वर्षांची. पोरगा म्हणून जेरविन कसा होता, तर जेवणाच्या वेळेला हमखास गायब आणि भांडी घासून झाली की दारात उभा. पायात चपला नसल्या की सियोनी ओरडायची, गल्लीत काचा असतात. तो म्हणायचा, "नानाय," म्हणजे आई, "मी चोवीस वर्षांचा आहे." ती म्हणायची, "काचेला काय माहीत?"

गल्लीतल्या पोरांच्या संघाला बारा जर्सी तिनंच शिवून दिल्या होत्या. निळ्या, पॉलिएस्टरच्या, पिवळे आकडे. जेरविनची शेवटी शिवली, घाईत, आणि पाठीवरचा आठ डावीकडे कलला.

"नानाय, माझा आठ दारू प्यायलाय," तो म्हणाला.

"काढ, उसवून नीट लावते."

"राहू दे. समोरचा गोंधळेल, हा इकडून जातोय का तिकडून."

ती जर्सी त्याच्या अंगात होती तेव्हा त्याला नेलं. चौघं आले, दोघांनी तोंडं झाकलेली. मायलीनला आत थांबवलं. जेरविन दारात म्हणाला, "चपला घालू द्या, सर." घालू दिल्या नाहीत. सियोनी त्या वेळी बाहेरगावी शूटिंगला होती. ती सकाळी आली तेव्हा दारातल्या चपला जोडीनं, नीट ठेवलेल्या होत्या. तिला आधी तेच दिसलं. त्यानं चपला कधीच नीट ठेवलेल्या नव्हत्या. मायलीननं ठेवल्या असणार.

पोलिसांच्या कागदावर एकच शब्द होता, त्या दोन वर्षांत सगळ्यांच्या कागदावर असायचा तोच: नानलाबान. म्हणजे यानं उलट हल्ला केला. सात पावलांवरून यानं आधी गोळी झाडली, मग आम्ही झाडली.

प्रेतं ठेवायच्या दुकानात तिला जेरविन एका चादरीत आणि त्याचे कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत मिळाले. पिशवीला गाठ मारलेली होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हे टाकून देऊ का, आलिंग?"

"नको," सियोनी म्हणाली. "माझं शिवलेलं आहे."

घरी आल्यावर तिनं पिशवी सोडली. मायलीन नातेवाइकांना फोन करत होती. शेजारणी बाकडी लावत होत्या. सियोनीनं जर्सीवर बोट फिरवलं. अजून पूर्ण वाळलेलं नव्हतं, कडेनं धरायला लागलं होतं. तिनं बादली घेतली, थंड पाणी भरलं, मूठभर मीठ टाकलं आणि जर्सी भिजवली. पाणी तीनदा बदललं. चौथ्यांदा पाणी स्वच्छ आलं. पिळली नाही, पॉलिएस्टरला चुण्या पडतात. झटकून सावलीत वाळत घातली. दुपारी ती वाळली. लोक यायला अजून वेळ होता. मशीनजवळ बसून तिनं निळा दोरा ओवला आणि छातीवरचं भोक रफू करायला घेतलं. कडा कापल्या नाहीत. तिच्या धंद्यात कापत नाहीत. कापड एकदा कापलं की परत येत नाही आणि कपडा पुन्हा भाड्यानं द्यायचा असतो. कडा आत वळवायच्या आणि वरून टाके घालायचे. दोनतीनदा सुई कशाला तरी अडली. तिनं जोर देऊन पार केली. घडी घालून जर्सी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, आणि मगच तिला कळलं की आपण काय केलं. कळलं म्हणजे एवढंच, की आता डबा बंद करायला हवा.

पाच दिवस जेरविनची पेटी घरात होती, चेहऱ्यावर काच असलेली. काचेवर कोंबडीचं पिल्लू ठेवलं होतं, खून झालेल्या माणसाच्या पेटीवर ठेवतात तसं. ते तांदूळ टिपायचं आणि काचेवर टकटक वाजायचं. त्या टकटकीनं मारणाऱ्याचं काळीज पोखरलं जातं म्हणतात. शेजारची म्हातारी रोज येऊन पिल्लाला सांगायची, "टोच, टोच, जोरात टोच." पुरल्यावर ते पिल्लू कुणी नेलं नाही. ते वाढलं, कोंबडी झाली आणि मशीनच्या पायडलखाली बसायला लागली. टिनटिननं तिचं नाव बेबी ठेवलं.

आठ महिने गेले. सियोनी कामावर जात होती, वेळेवर. लोकांना वाटलं बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. भात तोंडात घातला की चव लागत नव्हती, एवढंच, आणि टिनटिन दाराबाहेर गेली की ती उठून चपला आहेत का बघायची.

मग अॅटर्नी बानाग आली. बुटकी, पंचेचाळिशीची, पाठीवर शाळेच्या पोरासारखं दप्तर. वस्तीतल्या सात घरांच्या केसेस ती चालवत होती. मशीनजवळच्या स्टुलावर बसली, कोंबडीकडे बघितलं, काय ते ओळखलं आणि विचारलं नाही.

"नानाय, ते म्हणतात सात पावलं. आपण म्हणतो जवळून. गोळी आरपार गेलेली आहे. हाडं अंतर सांगत नाहीत. कापड सांगतं. त्याचे कपडे आहेत?"

"आहेत," सियोनी म्हणाली.

मायलीननं तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं कपडे दुकानातच टाकून दिले.

"हात लावू नका. असतील तसे ठेवा. पुढच्या शुक्रवारी माझ्या ऑफिसात डॉक्टर येणार आहेत, कापड बघणारे. त्यांच्यासमोर पिशवी उघडू." अॅटर्नी उठली, मग परत बसली. "खरं सांगू? सात घरांत कपडे फक्त तुमच्याकडे आहेत. बाकीच्यांनी जाळले, पुरले. कुणी तर धुऊन टाकले."

"असं?" सियोनी म्हणाली.

"दुःखात माणसाला सुचत नाही, नानाय. त्यांचा दोष नाही."

त्याच आठवड्यात गोदामात नवीन सिनेमा आला. दिग्दर्शक तरुण मुलगी होती, यान्ना नावाची; सेटवर सगळे तिला दिरेक म्हणत. सिनेमा याच मारलेल्या पोरांवर होता. तिला सियोनीबद्दल माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. त्यामुळं सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं.

"आलिंग सियोनी, तुम्हाला जमणार नसेल तर आपण दुसऱ्या कुणाला..."

"लांबून का जवळून?" सियोनीनं विचारलं.

दिरेक म्हणाली, "जवळून. अगदी टेकवून."

"कपडा कुठला?"

"बास्केटबॉलची जर्सी. रंग तुम्हीच ठरवा."

सियोनीनं रंग ठरवला असं म्हणता येणार नाही. पाय डिव्हिसोरिया बाजारातल्या नेहमीच्या दुकानाकडे गेले आणि नेहमीच्या निळ्या ताग्यासमोर थांबले. पिवळं कापडही त्याच दुकानातलं. चार जर्सींचं कापड हवं होतं. तिनं पाच जर्सींचं फाडायला सांगितलं.

लोलेंग तिच्यासोबत कपडे सांभाळायची. पन्नाशीची, जीभ तिखट, सेटवर जिथं लोलेंग तिथं हसणं. तिनं टेबलावर मांडलेला निळा रंग बघितला, पिवळा आठ बघितला. मग उगाच एका हाफ पँटीच्या चेनशी झटापट करायला लागली. चेन तुटली.

"बघा," लोलेंग लाइटवाल्यांना म्हणाली, "मी नुसती ओढली. नानलाबान! माझा नाइलाज झाला."

सगळे हसले. त्या दिवसांत या शब्दावर सगळे हसायचे. मांजरानं मासा पळवला, नवरा दारू पिऊन पडला, छत्री उलटी झाली, नानलाबान. हसता हसता एकेक जण थांबला आणि सियोनीकडे बघायला लागला. लोलेंगनं जीभ चावली.

"अगं बाई, माझं तोंड फुटलं तर बरं..."

"चेन दे इकडे," सियोनी म्हणाली. ती पण हसली होती. हसू आलं म्हणून.

चार जर्सी तिनं दोन दिवसांत शिवल्या. आकडे सरळ लावले. पाचवी कापली तेव्हा लोलेंग जेवायला गेली होती. पाचवीचा आठ तिनं डावीकडे कलता लावला. त्यासाठी मोजावं लागलं नाही. मग गळा दगडानं घासला, चहाच्या पाण्यातून काढली, तीनदा धुतली, उन्हात टाकली, पुन्हा धुतली. दीड वर्षं वापरलेली जर्सी तिनं तीन दिवसांत केली. काखेत एक शिवण उसवून परत घातली, कारण जेरविनची एकदा तिथं उसवली होती. हे सगळं करताना ती काही ठरवत नव्हती. फक्त शुक्रवार येत होता, आणि डब्यातली जर्सी धुतलेली होती, आणि डॉक्टरला भोक हवं होतं. भोक तर होतंच. काळं कडंही होतंच, तिनं दुकानातल्या पिशवीतून काढताना स्वतः बघितलं होतं, दोन बोटं रुंद. ती खोटं काहीच सांगणार नव्हती. जे होतं तेच परत करून देणार होती. तिच्याइतकं चांगलं ते सगळ्या मनिलात कुणी करू शकलं नसतं.

बुधवारी सीन झाला. जेरविनच्या वयाचा नट, केस मेंढरासारखे, दर वेळी पडला की कोपर चोळायचा. सातव्यांदा नीट पडला. दिरेकला रक्त जास्त हवं होतं, मग कमी हवं होतं. पुढचा कपडा चढवायला सियोनीनं त्याची जर्सी डोक्यावरून काढली. गळ्यात त्याचे कान अडकले. तिनं एका हातानं कान दाबून धरला आणि दुसऱ्यानं ओढली, लहान पोराची काढतात तशी.

"आलिंग, बरं झालं ना?" त्यानं विचारलं.

"कोपराला काहीतरी लाव," ती म्हणाली. "आणि जेवलास का?"

"आदोबो होता. खारट."

"भात जास्त घ्यायचा."

गुरुवारी दुपारी पाचवीचं भोक राहिलं होतं, तेवढं करायचं होतं. तिनं जर्सी लाकडी ठोकळ्यावर ताणली, खडूनं जागा खुणावली. जागा हाताला माहीत होती: डाव्या बाजूला, छातीच्या मध्यापासून चार बोटं. पोगरानं भोक पाडलं. उदबत्ती पेटवली आणि कडेनं फिरवली.

सूत जळलं की राख होते, झटकली की जाते. पॉलिएस्टर जळत नाही, वितळतं. उदबत्तीखाली धाग्यांची टोकं आक्रसली, गोळा झाली आणि थंड होताना कडक झाली, मोहरीहून बारीक काळे मणी. मांडणीवरच्या जुन्या शर्टांचं काम सगळं सुती. जर्सींचा खण भरला तो लांबून मारलेल्यांचा, रस्त्यावर, मोटारसायकलवरून, स्वच्छ भोकांचा. टेकवून मारलेली जर्सी ती स्वतः पहिल्यांदाच करत होती; सिनेमाच्या जर्सींची भोकं लोलेंगनं पाडली होती, कडं नुसत्या काजळीचं. तिनं बोटाचं टोक कडेवरून फिरवलं. मणी टोचले.

तिचं बोट थांबलं. रफू करताना सुई कशाला तरी अडली होती. दोनतीनदा. आणि तिनं जोर देऊन पार केली होती.

घरी गेल्यावर तिनं डबा काढला. मायलीन मासे तळत होती, टिनटिन बेबीला भात भरवत होती. सियोनीनं पाठ वळवून जर्सी मांडीवर घेतली आणि रफूवर अंगठा दाबला. काही लागलं नाही. पुन्हा, जास्त जोरानं. आत, वळवलेल्या कडेत, काहीतरी कडक होतं. किंवा तिच्याच दोऱ्याची गाठ असेल. तिनं आतापर्यंत हजारो रफू केले होते, गाठ कधी आत सोडली नव्हती. पण त्या दिवशी सोडलेली असू शकते. त्या दिवशीचं तिला काय आठवत होतं? पाणी चौथ्यांदा स्वच्छ आलं, एवढंच.

"नानाय, उद्या मी पण येऊ का?" मायलीननं तव्यावरून विचारलं.

"पोरीकडे कोण बघेल?"

"काय आहे त्या डब्यात?"

"त्याची जर्सी."

मायलीननं मासा उलटला. "रक्तासकट?"

सियोनी म्हणाली, "मासा करपतोय."

शुक्रवारी ती कापडी पिशवीत दोन्ही जर्सी घेऊन निघाली, दोन्हींची घडी सारखी.

अॅटर्नीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली पावाचं दुकान, जिन्यात पांदेसालचा वास. टेबलावर पांढरा कागद पसरला होता. डॉक्टर म्हणजे म्हातारा, हातमोजे घातलेला, भिंगाचा चष्मा कपाळावर. अॅटर्नीची कारकून मोबाइल धरून उभी, सगळं चित्रित करायला. तिनं सियोनीला सांगितलं, "आलिंग, थोडं डावीकडे उभ्या राहा, तुमची सावली पडतेय." सियोनी डावीकडे सरकली. कॅमेऱ्यात कुठं उभं राहू नये हे तिला कळायचं.

"आणा, नानाय," अॅटर्नी म्हणाली.

सियोनीनं पिशवीत हात घातला. वरची पाचवी होती. भोक उघडं, कडं काळं, मणी बोटाला टोचले. ती काढली असती तर डॉक्टरनं चष्मा खाली घेतला असता, मान हलवली असती, अॅटर्नीनं सुस्कारा सोडला असता, आणि जे झालं होतं तेच कागदावर आलं असतं. तिची बोटं त्या कडेवर थोडा वेळ थांबली. मग खाली गेली. खालच्या घडीत तिला स्वतःचे टाके लागले, बारीक, एकाला एक लागून. टाक्यांच्या एका कोपऱ्यात शेवटचा टाका जरा ओढलेला होता. तो तिनं कधी ओढला हे तिला आठवेना, पण तो तिचाच होता, त्या दुपारचा. वरच्या जर्सीत ती दुपार नव्हती.

तिनं खालची काढून कागदावर ठेवली.

अॅटर्नी बघत राहिली. निळी, स्वच्छ, घडीच्या खुणा असलेली जर्सी. छातीवर रफू, असा की आधी दिसतही नव्हता.

"नानाय. ही धुतलीय."

"हो."

"कधी?"

"आणली त्याच दिवशी."

"का पण?"

सियोनीला प्रश्न कळला नाही असं वाटलं. "वाळलं की निघत नाही," ती म्हणाली.

कारकून मुलीनं मोबाइल जरा खाली घेतला. अॅटर्नीनं डोळ्यांवर हात धरला, आणि मग काढला, कारण कॅमेरा चालू होता. "वर धर," ती कारकून मुलीला म्हणाली. खाली दुकानात कुणीतरी ओरडलं, गरम, गरम आले.

"मी कडा कापलेल्या नाहीत," सियोनी म्हणाली. "आत वळवल्यात. हे पॉलिएस्टर आहे, डॉक्टर. जवळून मारलं की वितळतं. वितळलेलं धुऊन जात नाही. शिवताना माझी सुई अडली होती. उसवून बघा. असतील तर मणी असतील, नाहीतर माझ्या दोऱ्याची गाठ असेल."

डॉक्टरनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही काय काम करता?"

"सिनेमात माणसं मारतात, त्यांचे कपडे मी करते."

म्हाताऱ्यानं अॅटर्नीकडे बघितलं. अॅटर्नी म्हणाली, "समोरचे वकील याच्यावर दोन दिवस खेळतील."

"खेळू देत," डॉक्टर म्हणाला. "उसवायचं कुणी? माझा हात थरथरतो. आणि हे टाके..." त्यानं चष्मा खाली घेतला. "हे माझ्याच्यानं उसवणार नाहीत."

तेव्हा सियोनीला हातमोजे दिले. बारीक कात्री दिली, पण तिनं स्वतःची सुई काढली. टाका सुईच्या टोकानं उचलायचा, दोरा तोडायचा, ओढायचा नाही. एकेक टाका ती कागदाच्या कोपऱ्यात ठेवत गेली. कारकून मधेच म्हणाली, "जरा हळू, आलिंग, दिसत नाहीये," तेव्हा ती थांबली, हात वर घेतला, आणि परत त्याच जागेवर आणला. एक्केचाळीस टाके होते. ओढलेला टाका सगळ्यात शेवटी निघाला. वळवलेली कड तिनं सुईनं उलगडली.

कडं गेलं होतं. काजळी थंड पाण्यात गेली होती, पहिल्याच पाण्यात गेली असणार. भोक मात्र गोल नव्हतं. एका बाजूला धागे आक्रसून त्याची किनार जाड झाली होती, आणि किनारीवर बारीक काळं काहीतरी होतं. डॉक्टर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. सियोनी त्याच्या कानामागचे पांढरे केस बघत होती. कुणीतरी त्याचे केस वेडेवाकडे कापले होते.

"वितळलेलं आहे," तो शेवटी म्हणाला. "सात पावलांवरून असं वितळत नाही. पण मी आत्ता शपथेवर सांगणार नाही. यंत्राखाली बघावं लागेल. धुतल्यामुळं बरंच गेलंय."

"पण आहे," अॅटर्नी म्हणाली.

"आहे काहीतरी."

अॅटर्नी खुर्चीत बसली. मग उठून सियोनीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "पिशवीत आणखी काय आहे, नानाय?"

"सिनेमाचं काम," सियोनी म्हणाली.

डॉक्टरनं जर्सी खाकी कागदाच्या मोठ्या पाकिटात सरकवायला घेतली. टाक्यांचे तुकडेही वेगळ्या पाकिटात घातले. तारीख, वेळ, सह्या. सियोनीनं सही केली. पाकिटाचं तोंड बंद करायच्या आधी ती म्हणाली, "ते आता उघडंच राहणार का?"

"काय?"

"भोक."

अॅटर्नी म्हणाली, "हो, नानाय. केस संपेपर्यंत. आता ते शिवायचं नाही. कुणीच नाही."

"किती दिवस?"

"वर्षं म्हणा."

सियोनीनं मान हलवली. मोजे काढायला लागली तेव्हा कारकून मुलीनं तिच्या हाताकडे बघितलं आणि मोबाइल बंद केला. सियोनीच्या उजव्या हातात सुई होती, आणि सुईत निळा दोरा ओवलेला होता, टोकाला गाठ मारून तयार. तो तिनं कधी ओवला ते तिलाही माहीत नव्हतं.